जमना स्टुलावर चढेना

तासगाव, ७ जुलै १९६४

आण्णा आज मिरजेहून आले. एस.टी.तून उतरले तर स्टँडवरचे हमालसुद्धा उठून उभे राहिले. "मास्तर आले, मास्तर आले." तासगावात शाळामास्तर ढीगभर आहेत, पण नुसतं मास्तर म्हटलं की आमचे आण्णाच. सर्कशीतल्या वाघ-सिंहांचे मास्तर. मी पिशवी घेऊन मागून चालत होते. मान इतकी ताठ धरली होती की घरी येईपर्यंत तिला रग लागली.

घशातली गाठ काढली. मुगाएवढी होती म्हणे. डॉक्टरांची ताकीद: मोठ्यानं बोलायचं नाही, जोरात हसायचं नाही, खाकरायचं तर अजिबात नाही. 

घरात शिरलो तेव्हा माझा भाऊ बाळू आण्णांच्या आरामखुर्चीत, पाय वर, तोंडानं शिट्टी चालू. आण्णा दारात उभे आणि ह्याला पत्ता नाही. पंधरा वर्षांचा घोडा! माझा चिमटा बसला तेव्हा उठला. आई चुलीपाशी, तीही दचकली. "अगं बाई! आवं, तुमी कवा आला?"

भाकऱ्या झाल्या नव्हत्या. आण्णा घरात आणि भाकरी तव्यावर नाही, असं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.


९ जुलै

आण्णा आज पिंजऱ्याकडे गेले. मीही.

पावसाळ्यात तंबू गुंडाळलेले असतात. जनावरं मालकांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, गावाबाहेर द्राक्षबागांच्या कडेला. माझी सायकल (एका चाकाची, रिंगणातली) गोणपाटात बांधून ठेवलेली. दसऱ्यापर्यंत कुणाला काही काम नाही, फक्त खाणं आणि भांडणं.

मे महिन्यापासून जमनानं आण्णांना पाहिलं नव्हतं. लांबूनच वास आला असणार, गजांशी येऊन उभी राहिली. आण्णा आत गेले. त्यांच्या गुडघ्याला डोकं घासलं, मांजरासारखं. एवढी मोठी सिंहीण! धोंडीकाका (पिंजरे झाडतात, जनावरांना खायला घालतात) डोळे पुसत होते.

मग आण्णा मागे सरले, हंटर हवेत वाजवला, स्टुलावर चढ म्हणून. जमना बसून राहिली.

पुन्हा वाजवला. ती आण्णांच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू अजून काहीतरी यायचं बाकी आहे. मग जांभई दिली.

धोंडीकाका म्हणाले, "सुट्टीत इसरली आसंल मास्तर. पोरं न्हाईत का साळंतलं इसरत." आण्णांनी हंटर गुंडाळून ठेवला. 


१३ जुलै

चढत नाही. स्टूल तेच, हंटर तोच, माणूस तोच.

आज आण्णांनी काठी उचलली. मारायला नाही, दाखवायला. जमना गुरगुरली आणि पंजा मारून स्टूल उलथवलं. आण्णा उलट्या पावलांनी बाहेर आले. मी त्यांना असं बाहेर येताना कधी पाहिलं नव्हतं. कधीच नाही.

बारा वर्षांत तिच्या अंगावर हंटर टेकलेला नाही, हे सगळ्या सर्कशीला ठाऊक आहे. दुसऱ्या मास्तरांची जनावरं बघा, पाठीवर वळ दिसतात. आमच्या जमनाची कातडी रेशमासारखी. आण्णा लोकांना सांगायचे, "हात लावून बघा." कोण लावतंय!

जेवले नाहीत. अर्धी भाकरी दुधात कुस्करून तशीच ठेवली.


१९ जुलै

मालक सांगलीहून मोटारीतून आले. शेडमध्ये उभं राहून सगळं पाहिलं. माणूस वाईट नाही, पण सर्कस म्हणजे त्यांच्या डोक्यात तंबू, तिकिटं आणि माणसांचे पगार.

"मास्तर, आता वय झालं. तिचंही आणि..." इथं थांबले. मग म्हणाले, गणपतीपर्यंत बघू. नाही जमलं तर जमनाला देऊन टाकू, वर उत्तरेकडे एका प्राण्यांच्या बागेत मागणी आहे. तुम्ही गेटवर बसा. मान तोच राहील.

गेटवर! तिकिटं फाडायला! आण्णांनी मान डोलावली फक्त. मी मालकांच्या तोंडावर म्हणणार होते की मी जाते पिंजऱ्यात. म्हणाले नाही. घरी आल्यावर आण्णांना म्हणाले.

"सायकल चालीव," म्हणाले. बस्स. विषय संपला.


२४ जुलै

संपला नाही. मी दररोज विचारते. ह्या घरात हट्टाचा वारसा मलाच मिळाला आहे, बाळूला फक्त शिट्टी.

आज आण्णा शेडबाहेर खाटेवर बसून हळू आवाजात बरंच बोलले. विसरायच्या आत लिहिते.

"इंदे, लोकास्नी वाटतंय, जनावर मारायला भितंय. भ्यालेलं जनावर अंगावर येतंय. चढलं की काय हुत न्हाई, येवढंच त्येला ठावं आस्तंय. न चढलं तर काय हुतंय, त्ये त्येनं कवा बघितल्यालंच न्हाई. बघावं आसं त्येच्या मनात येऊ ने, येवढीच आपली कला. आता हिच्या मनात आलंय."

"मग परत शिकवू."

"एकदा का तिनं बघितलं की काय बी हुत न्हाई, मग कसलं शिकिवतीस?"

मला आमचा मोती आठवला, पांढरा घोडा. इचलकरंजीला खेळ होता तेव्हा दिव्याची वायर उघडी पडून ओला खांब चावला त्याला. तेव्हापासून रिंगणाची ती बाजू आली की तो आत ओढतो. कोल्हापुरात तोच. कऱ्हाडात तोच. तिथं खांबच नसला तरी तोच! पुन्हा जवळ जाऊन बघणारच नाही, मग त्याला कळायचं कसं की आता काही नाही म्हणून.

आण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "शाळंत घातली त्ये चांगलं केलं." एवढ्या वाक्यावर मी आठवडा काढीन.


२ ऑगस्ट

वही लिहिताना आण्णांनी पकडलं. मी खिडकीत, वही मांडीवर, आणि हे शेजारी येऊन उभे. आजवर एकदाही नाही सापडले. ते यायच्या आत वही उशाखाली गेलेली असायची. आज कशी काय?

त्यांनी विचारलं नाही काय लिहितेस. "उजेडात बस," म्हणाले आणि गेले. ते गेल्यावरही मी वही उशाखाली सरकवलीच. कशाला? त्यांनी काय केलं असतं?


४ ऑगस्ट

आज बाळू विडी ओढताना सापडला. शेडच्या मागे. आण्णांनी ओठातून काढली, चपलेखाली विझवली, निघून गेले. 

बाळू माझ्याकडे आला, तोंड पांढरंफटक. आणि वर तक्रार त्याचीच! "पयलं कसं कोपऱ्यावरनंच कळायचं. दोन बारीक, एक लांब. अह् अह् हंऽऽ. आता मांजरागत येत्यात. मानसानं करायचं काय?"

आई पीठ मळत होती, तिनंही री ओढली. "खरंच की. ह्यांनी खाकारलं की मी तवा ठेवायची. आता भाकरी थंड तरी हुती न्हाईतर कच्ची तरी."

मी हसत होते. भांडी घासत होते. आणि हात तसेच राखेत राहिले.

बाळू पाय खाली घ्यायचा, आई तवा ठेवायची, मी वही उशाखाली. खाकरण्यावर. आण्णांवर नाही. आण्णा यायच्या आधी जे यायचं त्याच्यावर.

आणि पिंजऱ्यात? हंटर वाजवायच्या आधी आण्णा काय करायचे? 

अह् अह् हंऽऽ.

दर वेळी! गाठ होती ना. कितीतरी वर्षं. घसा साफ करायचे नि मग हंटर. जमना खाकरण्यावरच उठत असणार. हंटर वाजायच्या आत ती निम्म्या वाटेवर असायची, मी स्वतः हजारदा पाहिलंय. तोंडाकडे बघत होती ती. वाट बघत होती बिचारी.

कुणाला सांगत नाही. आधी करून बघते.


६ ऑगस्ट

खाकरणं वाटतं तितकं सोपं नाही.

मोरीत दार लावून सराव केला. आई बाहेरून: "काय गं, काय गिळलंस?" पिंजऱ्यासमोर उभी राहून केलं तर जमनानं ढुंकून पाहिलं नाही. धोंडीकाका तर दिवसभर खोकतात, तिच्या कानाला त्याची सवय. बाईमाणसाचा आवाज, वर जातो. खालून काढावा लागेल, पोटातून.

धोंडीकाका आलं-गुळाचा काढा घेऊन आले. "इंदाक्का, घसा धरलाय व्हय? ह्ये घ्या, गरम गरम." प्यावा लागला. इतका तिखट की खरंच खोकला आला.


८ ऑगस्ट

कान हलले! फक्त कान. पण हलले.


११ ऑगस्ट

चढली.

सकाळी, धोंडीकाका पाणी आणायला गेलेले, शेडमध्ये मी आणि ती. मी गजांच्या बाहेर. हातात काही नाही, हंटर नाही, काठी नाही. दोन बारीक, एक लांब.

जमना उठली. जणू कुणी हाक मारून झोपेतून उठवली. सरळ स्टुलाकडे गेली, चढली, चारही पाय गोळा करून बसली आणि दाराकडे बघायला लागली. आण्णा येतील म्हणून.

मला रडू आलं. तिच्यासाठी थोडं, जास्त माझ्यासाठी. आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही ते माझ्या लक्षात आलं! मालकांच्या नाही, आण्णांच्या नाही. इंदूच्या. आज मला कुणी काहीही बोललं तरी लागणार नाही.


१३ ऑगस्ट

आण्णांना घेऊन गेले. आधी काही सांगितलं नाही. "नुसतं बघा," म्हणाले.

त्यांना कोपऱ्यात धोंडीकाकांच्या मागे उभं केलं आणि मी खाकरले. चढली. उतरवली, मांसाचा तुकडा टाकून. परत खाकरले. चढली.

आण्णा गजांपाशी आले. मग म्हणाले, "म्हंजे हंटर..."

"हंटर नुसताच, आण्णा. लोकांसाठी."

हसले. आवाज न करता, खांदे हलवून. मला वाटलं सुटले एकदाचे. डोळ्यांत गर्व होता, माझा. मी तो ओळखते, एका चाकावर पहिली फेरी पुरी केली तेव्हा पाहिला होता. 

घरी येताना मात्र बांधावर थांबले.

"तुला ह्ये कळलं कसं?"

खोटं बोलता आलं असतं. सांगितलं. बाळूचे पाय, आईचा तवा, माझी वही.

"म्हंजे तुमी पन?"

"व्हय."

"मी तुमाला कवा मारलं गं?"

"एकदा. सांगलीच्या मुक्कामात. मी वाघाच्या गजात हात घातला होता. तुमी खाकरला, मी ऐकलं न्हाई, मग पाठीत बसली."

"एकदाच?"

"एकदाच."

बराच वेळ द्राक्षाच्या वेलीचं एक पान चुरगळत उभे राहिले. "जमनीला बी एकदाच," म्हणाले. "छावा हुती. नाकावर."

 घरी आलो. माझ्या मनात राग नाही, हे इथं लिहून ठेवते, कारण मी शोधून पाहिला. हात घातला होता तो वाघाच्या पिंजऱ्यात, आज दोन्ही हात आहेत. पण त्यांचं तोंड बघवत नव्हतं.


१६ ऑगस्ट

आण्णा आपणहून म्हणाले, "उद्यापास्नं आत चल माझ्यासंगं."

आईनं परात आपटली.


२१ ऑगस्ट

आत. आण्णा एक पाऊल मागे, मी पुढे. पाठ दाखवायची नाही. पळायचं नाही. पडायचं तर मुळीच नाही. तिच्या अंगाचा वास, उन्हातल्या घोंगडीसारखा. गजांच्या बाहेरून कधी इतका येत नव्हता.

भीती वाटली का? वाटली.  खाकरणं मात्र बरोबर निघालं. चढली.

आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. आण्णांशी तर त्याच्या आधीपासून.


२९ ऑगस्ट

आईनं आज ट्रंकेतून आण्णांचा जुना लाल कोट काढला, सोनेरी बटणांचा. मला उभं केलं, खांद्यावर धरून पाहिला, तोंडात टाचण्या. अजून बोलत नाही. पण कापायला घेतला.

खांदे उसवताना एकदाच म्हणाली, "पाठीत जरा मोकळा ठेवते. पळाय लागलं तर." पळायचं नसतं हे तिला सांगितलं नाही.


५ सप्टेंबर

गणपती तोंडावर आलेत. मालक आले. धोंडीकाकांनी शेड शेणानं सारवली होती, जणू लग्न आहे.

लाल कोट घालून आत गेले. आण्णा बाहेर, दाराच्या कडीशी लोखंडी सळई घेऊन. मी खाकरले, हंटर वाजवला. आण्णांनी सांगितलं होतं वाजव म्हणून, मालकांना ऐकू यायला काहीतरी हवं. जमना चढली, दुसऱ्या स्टुलावर गेली, परत आली, बसली. 

मालकांच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. "मास्तर, हे काय?"

आण्णा हळू आवाजात म्हणाले, "मास्तर ती. मी गेटवर."

"छे छे, गेटवर कसले!" मालक घाईघाईनं म्हणाले. दसऱ्यानंतर साताऱ्याला पहिला मुक्काम, तिथं माझं नाव भित्तिपत्रकावर. जमना कुठेही जात नाही. कुठेही!

बाळूनं शेडमागे जाऊन शिट्टी मारली, आण्णांना ऐकू जाईल अशी. आई बोलली. माझ्याशी. "बटन नीट लाव," म्हणाली.


१९ सप्टेंबर

आज निम्म्यात थांबली.

खाकरले. उठली, स्टुलावर पुढचे पाय ठेवले आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. एक पाय परत खाली घेतला. तसाच. बघत राहिली, मी काय करते ते.

मी काय करणार? काहीच केलं नाही. मारणार नव्हतेच. शेवटी चढली, पण मर्जीनं चढली. 

आण्णांनी बाहेरून सगळं पाहिलं होतं. "बघाय लागली ती," म्हणाले.

"माझ्या लक्षात आलं."

"माझ्या खाकरन्यामागं मी हुतो. नाकावरची काठी हुती. तुज्या खाकरन्यामागं काय हाय? न्हाई गं, तुजी चूक न्हाई. तिला कळनारच एक दिस."

"मग मी पण एकदा..." माझं वाक्य पुरं झालं नाही. आण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे शब्द गिळले.

"न्हाई," म्हणाले. "तू न्हाई."


२२ सप्टेंबर

नवं सगळं. खाकरणं बंद. मांसाचा तुकडा काठीच्या टोकाला, स्टुलाच्या वर धरायचा आणि म्हणायचं, "ये गं बाई." चढली की तुकडा. बस्स.

आण्णांना लाज वाटते. "मांस दावून चढवनारा मास्तर न्हवं, खानावळवाला," म्हणतात. पण मांस आपल्या हातानं कापतात, सारखे सारखे तुकडे, धोंडीकाकांना हात लावू देत नाहीत. तुकडे धरून स्वतः बाहेर उभे राहतात आणि माझ्याबरोबर ओठ हलवतात. ये गं बाई.

वेळ थोडा आहे. साताऱ्याचा तंबू दसरा झाला की उभा राहणार.


३० सप्टेंबर

कधी चढते, कधी नाही. भूक असली की राणीसारखी. पोट भरलेलं असलं की महाराणीसारखी. पण एक नवीन: न चढली तरी गुरगुरत नाही. आज चढल्यावर शेपूट स्टुलाखाली सोडून बसली, सैल. पूर्वी कशी ताठ बसायची, मला ते रुबाब वाटायचं. आता वाटतं, ते वाट बघणं होतं. वार पडायची वाट.


३ ऑक्टोबर

आण्णा तपासणीला मिरजेला जाऊन आले. घशातली जखम भरून आली म्हणे. बोला, हसा. खाकरायलाही हरकत नाही, बेतानं.

आम्हाला हे माहीत नव्हतं. मी खिडकीत लिहीत होते, आई तांदूळ निवडत होती, बाळू खुर्चीत. आणि बाहेरून, इतक्या महिन्यांनी:

अह् अह् हंऽऽ.

बाळूचे पाय खाली. आईच्या हातातलं सूप बाजूला, हात तव्याला. माझी वही उशाखाली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आई आधी हसली, मग बाळू, मग मी, पोट धरधरून. चुलीत जाळ नव्हता आणि आईनं तवा ठेवला होता! आण्णा दारात उभे. त्यांनी तिघांकडे पाहिलं, तव्याकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं. हसले नाहीत.

पाठ फिरवून बाहेर गेले. आमचं हसू गेलं. आई उठून जाणार इतक्यात बाहेर कोपऱ्यावरून त्यांचा आवाज आला, चांगला मोठा, ऑपरेशननंतर प्रथमच:

"आलो गंऽ!"

आत आले. खुर्ची रिकामी होती तरी खाली घोंगडीवर बसले. बाळूला म्हणाले, "बस की रं वर." बाळू बसेना. मग आईनंच त्याला ढकललं.

माझ्या बापासारखा बाप तासगावात दुसरा नाही. मोठ्या अक्षरांत लिहायला हवं होतं.


७ ऑक्टोबर

रोज "आलो गं". शेजारच्या काकू विचारतात, मास्तरांना झालंय काय. आई लाजते. बाळू अजून पाय खाली घेतो, पण हळू.

पिंजऱ्याजवळ आण्णा घसा दाबून धरतात. खाकरत नाहीत. एकदा अगदी आलं होतं, तोंडावर टॉवेल धरून शेडबाहेर पळाले.


सातारा, १७ ऑक्टोबर

तंबू उभा राहिला. वर अजिंक्यतारा, खाली आम्ही. भित्तिपत्रकावर माझा चेहरा, नाक जरा चुकलंय, पण खाली सिंहीण चांगली काढली आहे. तालमीला जमना एकदा चढली, एकदा नाही. नवी जागा, नवे वास. मालक म्हणतात, एवढ्या लोकांसमोर नाही चढली तर? त्यांनी उत्तरेकडच्या त्या बागेला अजून नकार कळवलेला नाही, मला धोंडीकाकांकडून कळलं.

आण्णांना विचारलं, काय करू. जुनं की नवं? खाकरले तर आजच्या खेळापुरती बहुतेक चढेल.

"पिंजऱ्यात तू हाईस," म्हणाले.

मग मीच सांगितलं. नवं. ये गं बाई. आणि तुमी खाकरायचं न्हाई, आण्णा. काय बी झालं तरी.

त्यांनी लाल कोटाचं वरचं बटण लावून दिलं आणि हात तसाच माझ्या खांद्यावर राहिला. दुसरा त्यांच्या गळ्यावर होता. कबूल केलं की नाही, मला कळलं नाही.

आई म्हणते, ती पुढच्याच रांगेत बसणार. बाळू तिच्या शेजारी, ती घाबरून उठली तर धरायला.

बँड लागला. माणसांचा गलका केवढा, आणि त्यात कितीतरी जण खोकतायत, खाकरतायत. जमनाचे कान काय करत असतील? 

"इंदेऽ, आलो गंऽ," आण्णांची हाक. न्यायला आलेत. वही लपवत नाही. पेटीवर उघडीच ठेवून जाते.